अस्थी, संधी व मणक्यांच्या विकारांवरील उपचारपर्यायांचा इतिहास : बोरी अरब परिसराच्या संदर्भात एक आढावा

प्रस्तावना

शेती हा ज्या प्रदेशाचा मुख्य व्यवसाय आहे, तेथे हात, पाय आणि पाठ हेच कष्टकऱ्याचे खरे भांडवल असते. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे वऱ्हाडच्या कापूस प्रदेशातील गाव आहे. बैलगाडीवरून पडणे, डोक्यावर ओझे वाहणे, निंदण व वेचणीसाठी दिवसभर वाकून राहणे हे येथील कष्टाच्या जीवनाचे नित्याचे भाग होत. त्यामुळे मोडलेले हाड, निखळलेला सांधा व दुखणारी कंबर यांवर कोणते उपचार उपलब्ध होते, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून सामाजिक इतिहासाचाही आहे. या विकारांवरील उपचारपर्याय कालौघात कसे वाढले आणि ते ग्रामीण रुग्णाच्या हाती वेळेवर कितपत पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन परंपरा : सुश्रुताची भग्नचिकित्सा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात अस्थिभंगाचे निदान, तर चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याचे उपचार सांगितले आहेत. सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे मानले आहेत. मोडलेले हाड ताणून जागेवर आणणे, त्यास आधार देणे व बांधणे हा या उपचाराचा क्रम होय. आधारासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इत्यादींच्या साली व बांबूच्या कामट्या सुचविल्या आहेत. मांडी अथवा कंबरेचे हाड मोडल्यास रुग्णाला फळीवर खुंट्यांच्या साहाय्याने स्थिर ठेवण्याची योजनाही तेथे आढळते. मोह, पळस व बांबू हे यवतमाळच्या जंगलातील परिचयाचे वृक्ष असल्याने ही सामग्री येथील माणसास परकी नव्हती.

या अध्यायातील सर्वांत महत्त्वाचा नियम बंधाविषयीचा आहे. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही, आणि घट्ट झाल्यास सूज, वेदना व पाक उद्भवतो. म्हणून तो मध्यम असावा, असे सुश्रुत सांगतो. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असाही निर्देश आहे. विदर्भाच्या उन्हाळ्याचा विचार करता हा निर्देश विशेष अर्थपूर्ण वाटतो.

हाडवैद्य : सामर्थ्य आणि मर्यादा

ग्रंथातील हे ज्ञान आणि गावातील हाडवैद्याचे कौशल्य यांचा थेट संबंध दाखविणे कठीण आहे. हाडवैद्याची विद्या बहुधा पिढीजात व मौखिक असे. हाड बसविणे, कामट्या बांधणे, तेलाने चोळणे, कांडवेलीचा लेप लावणे हे तिचे घटक होत. हा वैद्य जवळ असे, त्याचा मोबदला परवडणारा असे आणि त्याची भाषा रुग्णाला समजत असे. साध्या अस्थिभंगात हाड निसर्गतःच जुळून येते. त्यामुळे त्याला यशही लाभत असे.

तथापि घट्ट बांधलेल्या कामट्यांमुळे रक्तपुरवठा थांबून अवयव निकामी होण्याचा धोका मोठा होता. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये रक्तपुरवठा तुटल्याने हाताच्या स्नायूंना येणाऱ्या कायमच्या आकसाचे वर्णन केले. सुश्रुताने दिलेला इशारा व फोल्कमान यांचे निरीक्षण एकाच गोष्टीकडे निर्देश करतात. म्हणूनच या प्रश्नाकडे देशी विरुद्ध विदेशी अशा वादाच्या दृष्टीने पाहणे उचित ठरत नाही. घट्ट बांधणारा हाडवैद्य आधुनिक वैद्यकाचा जितका नियम मोडतो, तितकाच आपल्या परंपरेचाही मोडतो.

आधुनिक अस्थिशल्याचा उदय

डच लष्करी शल्यविशारद माथेसन यांनी १८५२ मध्ये प्लास्टरच्या पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर मोडलेले हाड त्वचेआड पाहता येऊ लागले. इंग्लंडमध्ये चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी खुब्याच्या सांध्याच्या कृत्रिम रोपणास स्थिर स्वरूप दिले. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांना अनुरूप असा ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला.

मणक्यांच्या बाबतीत क्षयरोगाचा इतिहास बोलका आहे. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये मणक्याच्या विकृतीसह येणाऱ्या पायांच्या लुळेपणाचे वर्णन केले. दीर्घकाळ विश्रांती हाच त्यावरील मुख्य उपचार होता. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यावर चित्र पालटले. पुढे वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ मांडला. सर्व रुग्णांना औषधे द्यावीत आणि शस्त्रक्रिया मात्र गरज असलेल्यांवरच करावी, हे त्याचे सार होय. साधनांची टंचाई असलेल्या देशाने जगाला दिलेला हा विचार आहे.

मणक्यांमधील गादी सरकल्याने पाय दुखतो, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये स्पष्ट केले. अशा बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो. मात्र पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे किंवा लघवीवरील ताबा जाणे ही तातडीची लक्षणे होत. प्रत्येक विकारावर पूर्ण उपाय आहे, असेही नाही. आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे अनेक वर्षे बसणे शक्य नव्हते. तरीही १९८५ मध्ये त्यांनी ‘भारत जोडो’ अभियान हाती घेतले.

अंतराचा प्रश्न

उपचारपर्याय वाढले तरी ते शहरांत वाढले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद मार्गाचा लोहमार्ग दारव्ह्यावरून गेला. तो मुख्यत्वे कापसाच्या वाहतुकीसाठी होता. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये, सेवाग्रामचे १९६९ मध्ये, तर यवतमाळचे १९८९ मध्ये सुरू झाले. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय येण्यास स्वातंत्र्यानंतर चार दशके लागली. तोपर्यंत बोरी अरबच्या रुग्णाने हाडवैद्याकडे जाणे यास अज्ञान म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. त्याच्यापुढील पर्यायांची यादी मुळातच लहान होती.

अलीकडे हे अंतर काहीसे घटले आहे. २०१३ पासून राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये आली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत सुमारे ५५ हजार रुपये ठरली. तरीही शेतमजुरासाठी बुडणारी मजुरी व सोबतच्या माणसाचा खर्च हे उपचाराचे अदृश्य मूल्य कायम आहे.

याच जिल्ह्याच्या पांढरकवडा भागातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. फ्लोराइडमुळे ताठरलेली हाडे व सांधे पूर्ववत करणारा उपचार नाही. सुरक्षित पाणी हाच उपाय आहे. म्हणजे काही अस्थिविकारांचा उपचार रुग्णालयात नसून नळयोजनेत असतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, नव्या उपचाराने जुना उपचार एकदम नाहीसा होत नाही. दोन्ही शेजारी नांदतात. रुग्णाचे भवितव्य पर्यायांच्या संख्येपेक्षा इजा व योग्य उपचार यांतील वेळेवर अवलंबून असते. इथिओपियात हाडवैद्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण दिल्यानंतर अवयव सडण्याचे प्रमाण घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडेही हाडवैद्याला केवळ दोषी न ठरवता, बोटे गार वा बधिर पडल्यास बंध त्वरित सोडून रुग्णाला पुढे पाठविणारा पहिला दुवा म्हणून त्याच्याकडे पाहता येईल. मध्यम बंधाचा धडा त्याच्या परंपरेतच आहे. त्याची आठवण करून देणे हे शिक्षित समाजाचे कर्तव्य ठरते.