खेतवाडीची पुडी

गिरगावातून फोर्टाकडे जाणारी ट्राम पकडा. साल १९०८. मुंबईत विजेची ट्राम येऊन जेमतेम वर्ष झालंय, म्हातारी माणसं अजून जीव मुठीत धरूनच बसतात. तुमच्या खिशात बेताचा कागद: दसरा उलटला की मोठी शिकार.

उतरा आणि ६, अपोलो स्ट्रीट गाठा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १८८३ साली ती काढणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. सेक्रेटरींच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात जिवंत धनेश बसलाय, नाव विल्यम. तो तुमच्याकडे मान तिरकी करून बघतो.

सेक्रेटरी मिलर्डसाहेबांपुढे नकाशा पसरा. कारवारच्या घाटात गवा. रान इतकं गच्च, की वीस पावलांवरचं धूड दिसत नाही. माग काढत जायचं, आणि वारा फिरला की दिवस फुकट. सातपुड्यात वाघ: मचाण, हाका, हाकेकरी. पण तिथे सागाची पानं झडल्याशिवाय नजर पोचत नाही, म्हणजे जायचं ते उन्हाळ्यात. तुमचा दसऱ्याचा बेत इथेच निम्मा मोडला! निलगिरीच्या कड्यांवरचा ताहर आणखी वेगळा. त्याचं लक्ष खालच्या उताराकडे, म्हणून आधी त्याच्याही वर चढायचं आणि मग उतरत गाठायचं. छातीचा भाता तेवढा हवा. तुमचा आहे का, ते तुम्ही जाणा.

एवढ्यात दारात एक पोरगा. दहा-बारा वर्षांचा, खेतवाडीचा, हातात कागदाची पुडी. एअरगननं पाडलेली चिमणी, गळ्यावर पिवळा डाग. मामांनाही ओळखेना, म्हणून त्यांनी इकडे धाडलंय. वेड त्यालाही शिकारीचंच.

साहेब तुमचा नकाशा बाजूला सारतात. एकेक खण उघडतात: पेंढा भरलेले पक्षी, प्रत्येकाला चिठ्ठी. चिमण्यांवर चिमण्या निघतात. गव्याचा बेत टेबलावर तसाच, आणि साहेब पोराशी बोलण्यात गुंग! तुम्हाला राग येतो. मलाही आला असता.

पुडीतली निघाली पीतकंठी चिमणी. पोराचं नाव सालिम अली. १९८५ साली त्यांचं आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातही चिमणीच आहे.