भोर घाटातील जुनी छायाचित्रे आणि हरवलेली नावे

जयपूर–पुणे गाडीने गावी जाताना आपल्यापैकी बहुतेकांनी भोर घाट चढलेला आहे. कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिने लागतात, वड्यांची एक फेरी होते आणि गाडी डोंगर चढू लागते. आपण मुलांना बोगदे मोजायला सांगतो. ते बोगदे कोणी खोदले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या स्थापत्य खात्यात लागलेला माणूस आहे. पण जुने नकाशे, अहवाल आणि फोटो पाहण्याचा छंद आहे. त्यातून या घाटाबद्दल जे हाती आले, ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

घाटाचे काम

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे सर्वांना ठाऊक आहे. १८५८ च्या जून महिन्यात वर खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला. मधला डोंगर मात्र बाकी होता. त्यामुळे प्रवासी खोपोलीपर्यंत रेल्वेने येत, तेथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला घाटमार्ग सुमारे २५ किलोमीटरचा. एकूण चढ १,८३१ फूट, आणि सर्वांत अवघड जागी ३७ फुटांना १ फूट चढ. बोगदे २५. घाट एका दमात चढणे शक्य नसल्याने मध्ये 'रिव्हर्सिंग स्टेशन' ठेवले होते. तेथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी उलट्या दिशेने वर जाई.

हे सारे हातोडा, पहार आणि सुरुंगाच्या दारूवर झाले. कड्यावर उभे राहायला जागा नसे तेथे माणसांना दोराने खाली सोडून भोके पाडून घेत. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे. कोकणातून आणि देशावरून कुटुंबेच्या कुटुंबे येत, पुरुष फोडत आणि बायकामुले टोपल्या वाहत. १८६१ च्या सुमारास कामावरील माणसांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती डोंगराच्या कुशीत, गवताच्या झोपड्यांत राहत होती. पाण्याची सोय अपुरी. पटकीच्या साथी आल्या आणि असंख्य माणसे गेली. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

बाईंचा अल्बम

घाटाचा पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला, तो काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस मागे राहिली. ही बाई परत गेली असती तर कोणी नाव ठेवले नसते. पण तिने नवऱ्याचे कंत्राट स्वतःकडे घेतले, ॲडमसन आणि क्लाऊसर या दोन अनुभवी अभियंत्यांवर कामाची देखरेख सोपवली आणि घाट पुरा करून दिला. शिवाय ती छायाचित्रे काढत असे. घाटाच्या कामाचे तिने घेतलेले फोटो अल्बमच्या रूपाने आजही टिकून आहेत.

तेव्हा फोटो काढणे सोपे नव्हते. काचेला रसायन लावायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि तेथेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे. काही सेकंद समोरचे काही हलता कामा नये. त्यामुळे दगडी पूल, बोगद्याचे तोंड, कापलेला कडा हे स्पष्ट येई. चालता माणूस धूसर होई किंवा मुळीच उमटत नसे. जो दिसतो तो बहुधा 'हलू नकोस' म्हणून उभा केलेला. आम्ही आजही पुलाचा फोटो घेताना उंची कळावी म्हणून शेजारी एखादा माणूस उभा करतो. तो मोजपट्टीसारखा असतो, त्याचे नाव कोणी लिहून घेत नाही. या जुन्या फोटोंतील मजुरांचे तेच झाले आहे.

त्याच सुमारास आपल्या जयपुरात महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांनाही कॅमेऱ्याचे वेड लागले होते. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह सिटी पॅलेसच्या संग्रहालयात जपल्या आहेत. राजाने काढलेले फोटो राजवाड्यात राहिले आणि कंत्राटदारीणबाईंचे अल्बममध्ये. ज्यांचे फोटो काढले गेले त्यांच्या घरी मात्र एकही प्रत पोचली नसावी.

पत्रांत काय सापडते

मग मजुरांची नावे कागदपत्रांत तरी असतील, असे वाटते. कॅनडातील इतिहासकार इयान कर यांनी सरकारी दप्तरांतील पत्रव्यवहार चाळून १९९५ मध्ये रेल्वेबांधणीवर मोठे पुस्तक लिहिले. त्यावरून कळते की मजूर गप्प बसलेले नव्हते. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली, त्यात एक युरोपीय मारला गेला आणि चौकशी झाली. पुढच्याच वर्षी रेल्वे, कालवे अशा कामांवरील मालक-मजूर तंट्यांसाठी कायदा आला. मजुरी बुडाली तर मजुराला मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येऊ लागली. मात्र कबूल केलेले काम सोडले तर त्यालाच शिक्षाही होती. म्हणजे मजूर कागदावर आला तो तक्रार किंवा गुन्हा म्हणून.

याचे कारण आमच्या खात्यातील माणसाला चटकन उमगेल. कंपनी कंत्राटदाराला ओळखे, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला. मजुराचे नाव फार तर मुकादमाला माहीत असे. आमच्या मेजरमेंट बुकातही घनमीटर लिहिले जातात, माणसे नाहीत. जे मोजले त्याचे पैसे निघतात आणि जे लिहिले तेवढेच दप्तरात उरते.

पोस्टकार्डे आणि शिंग्रोबा

१८७९ मध्ये भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. शतकाच्या शेवटी चित्रांची कार्डे आली आणि भोर घाटाचे रिव्हर्सिंग स्टेशन त्यांचा आवडता विषय झाला. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना आला. देवादिकांच्या चित्रांबरोबर तेथे चित्रकार्डेही छापली जात. साहेबलोकांनी हौसेने पाठवलेल्या कार्डांमुळेच ते स्टेशन कसे होते हे आज पाहता येते, कारण १९२९ मध्ये मार्ग बदलून ते बंद झाले.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची आठवण वेगळ्या तऱ्हेने राहिली. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटातून वाट दाखवली आणि काम होताच साहेबाने त्याला ठार केले, अशी कथा आहे. कोणी ती रस्त्याची सांगतात, कोणी रेल्वेची. कथेला लेखी पुरावा नाही. पण हजारो माणसांच्या श्रमाचे श्रेय दुसऱ्यांनी घेतले, ही लोकांच्या मनातली नोंद त्या देवळात आहे. ट्रकवाले अजून तेथे नाणे टाकून पुढे जातात. अल्बममध्ये ज्याला जागा नव्हती त्याला लोकांनी देवळात बसवले.

आपल्या घरातले दप्तर

हे सर्व जयपुरात बसून सांगायचे कारण असे की, आपणही पोटापाण्यासाठी दूर येऊन वसलेली माणसे आहोत. कोणी रेल्वेत आले, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी सांगलीकडून गलाईच्या धंद्यासाठी. आपल्याला लिहिता येते, तरी घरोघरच्या ट्रंकांत काय आहे? आजीने पाठवलेली आंतर्देशीय पत्रे, मोडीतला एखादा कागद, उत्सवाचे जुने ग्रुप फोटो. त्या फोटोंतील माणसे ओळखणारे ज्येष्ठ दरवर्षी कमी होत आहेत. आणखी वीस वर्षांनी आपलेही आजी-आजोबा 'डावीकडून तिसरे, नाव माहीत नाही' असे होतील.

म्हणून एक साधी विनंती. उत्सवाच्या दहा दिवसांत एक दुपार ठरवावी. प्रत्येकाने घरचे जुने फोटो आणि पत्रे आणावीत, ज्येष्ठांनी नावे सांगावीत आणि मुलांनी ती लिहून घ्यावीत. फोटोच्या मागे पेनाने लिहू नये, शाई पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिल हलक्या हाताने वापरावी. लॅमिनेशन करू नये. पोस्टकार्ड फेकण्यापूर्वी शिक्का पाहावा, त्यावर गाव आणि तारीख असते. फोटोत स्वयंपाकाच्या बायका, मांडव घालणारा आणि ढोलकीवाला असेल तर त्यांचीही नावे विचारून लिहावीत. अध्यक्षांचे नाव अहवालात असतेच.