रायफल काडतुसाचे पिस्तूल

रायफलीचे किंवा त्याच धाटणीचे, जास्त दाबाचे काडतूस झाडणारे, पण खांद्याला न टेकवता हातात धरूनच चालवायचे पिस्तूल. अमेरिकेत चांदमारी, पोलादी लक्ष्यांच्या स्पर्धा आणि शिकार यांसाठी ते वापरतात. नेहमीच्या ९ मिमी पिस्तुलाची गोळी सेकंदाला साडेतीनशे ते चारशे मीटर वेगाने सुटते. या जातीतल्या अनेक पिस्तुलांची गोळी त्याच्या दुपटीने. मात्र निवड करताना नुसत्या वेगावर भुलून चालत नाही. कोणते काडतूस किती लांब नळीत घातले आहे आणि समोर लक्ष्य कसले आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

इतिहास : रेमिंग्टन कंपनीने १९६३ मध्ये ‘एक्सपी-१००’ बाजारात आणले. बोल्ट रायफलीची यंत्रणा, नायलॉनचा दस्ता, मूठ थेट मधोमध आणि एका वेळी एकच काडतूस, असे त्याचे रूप होते. मूळ बेत .२२२ रेमिंग्टन हे रायफलीचे काडतूस वापरण्याचा होता. पण पावणेअकरा इंची नळीत त्यातली दारू पुरती जळेना. उरलेली दारू नळीच्या तोंडाशी भडकायची आणि आवाजाने कानठळ्या बसायच्या. तेव्हा कंपनीने काडतूसच आखूड केले. त्यातून .२२१ फायरबॉल तयार झाले आणि ५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने जाऊ लागली.

१९६७ मध्ये वॉरेन सेंटर यांनी रचलेले ‘थॉम्पसन/सेंटर कंटेंडर’ आले आणि या छंदाला खरा जोर चढला. चापाच्या कड्याचा मागचा काटा मागे ओढला की नळी पुढे वाकते; काडतूस सरकवायचे, नळी बंद करायची, घोडा चढवायचा. पुढचे लाकूड काढून बिजागरीची खीळ बाहेर ढकलली की नळी सुटी होते आणि त्याच चौकटीवर दुसऱ्या काडतुसाची नळी बसते. घोड्यावरची कळ फिरवून .२२ आणि मोठी काडतुसे दोन्ही झाडता येतात. मात्र चढवलेला घोडा हलकेच उतरवला, तर नळी उघडून पुन्हा बंद केल्याशिवाय तो परत चढत नाही. चौकटीलाही मर्यादा आहे. .२२३ आणि .३०-३० ती पेलते; .३०८ सारख्या जास्त दाबाच्या काडतुसांसाठी कंपनीने ‘एन्कोर’ ही थोराड चौकट काढली.

निवड : पोलादी आकृत्यांच्या स्पर्धेचे उदाहरण बोलके आहे. हा खेळ मेक्सिकोतून आला. पिस्तुलासाठी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये उभी राहिली आणि एल्गिन गेट्स तिचे संस्थापक. कोंबडी ५० मीटरवर, रानडुक्कर १००, टर्की १५० आणि मेंढा २०० मीटरवर. नुसती गोळी लागून गुण मिळत नाही. आकृती आडवी पडावी लागते. इथे .२२३ ची हलकी, वेगवान गोळी मेंढ्याला ठणकन लागते, पण तो जागचा हलेलच असे नाही. म्हणून वेस उगाल्डे यांनी .२२३ च्याच पुंगळीचे तोंड रुंदावून तीत ७ मिमीची जड गोळी बसवली. ‘७ मिमी टीसीयू’ या नावाने ती कंटेंडरवाल्यांत चांगलीच चालली.

केवळ कागदी लक्ष्यावर वेळ घालवायचा असेल, तर एवढ्या माऱ्याची गरज नसते. एआर-१५ रायफलीच्या धाटणीच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलात .२२३ सोयीचे पडते. मात्र २४ इंची नळीच्या मानाने १० इंची नळीत गोळीचा वेग सेकंदाला सव्वाशे-दीडशे मीटरनी घटतो आणि भडका वाढतो. २०११ मध्ये प्रमाणित झालेले .३०० ब्लॅकआउट आखूड नळीचा विचार करूनच आखलेले असल्याने तिथे दारू वाया जात नाही.

दुर्बीणही पिस्तुलाचीच हवी. रायफलीच्या दुर्बिणीला डोळा तीन-चार इंचांवर लागतो. हात लांब करून धरलेले पिस्तूल डोळ्यापासून दीड-दोन फूट दूर राहते. कानांत बोळे आणि वर कर्णकवच अशी दुहेरी काळजी घ्यावी लागते, कारण १४० डेसिबलच्या पुढचा स्फोटासारखा आवाज कानाला घातक मानला जातो आणि ही पिस्तुले ती पातळी सहज ओलांडतात.

कायदा : अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने आखूड नळीच्या (मुळात १८, पुढे १६ इंचांहून कमी) रायफलीवर नोंदणी सक्तीची केली आणि २०० डॉलरचा कर लावला; हा कर २०२६ पासून शून्य आहे. आखूड नळीच्या पिस्तुलाला खांद्याचा दस्ता जोडला की ते या कलमात सापडते. कंटेंडरसोबत विकल्या जाणाऱ्या २१ इंची नळी व दस्त्याच्या संचावरून (त्यातला दस्ता आखूड नळीसोबतही बसू शकतो म्हणून) याच मुद्द्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पुढे मनगटाला आधार देणाऱ्या पट्ट्यावरून वाद पेटला. त्यावर २०२३ मध्ये काढलेला सरकारी नियम टेक्सासच्या संघीय न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला.

भारतात हा छंद रुजलेला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. रायफलीचे काडतूस झाडणारे आखूड हत्यार इथे बहुधा पोलिसांच्या पंचनाम्यातच भेटते : उत्तर भारतात पकडले जाणारे, .३१५ चे काडतूस घेणारे बेकायदा गावठी कट्टे. स्पर्धात्मक पिस्तूल नेमबाजीची काडतुसे वेगळी आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात .२२ चे छोटे काडतूस वापरतात.