एका खडकाचे दोन इतिहास

आष्टीच्या कोरड्या माळावर शिकवताना आम्हांला समुद्र नकाशातच भेटतो. पण मालवणचे बुडीत खडक इतिहास आणि विज्ञान या दोन्ही तासांना उपयोगी पडतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. या खडकांमुळे शत्रूच्या जहाजांना किल्ल्याजवळ येणे अवघड होई. त्याच खडकांवर प्रवाळ वाढतात. त्यांच्या शरीरातील शैवालाला सूर्यप्रकाश लागतो, म्हणून ते उथळ पाण्यात वाढतात. डोळ्यांवर काच लावून, नळीने श्वास घेत तरंगतच ते पाहता येतात, हेच स्नॉर्केलिंग. १९८७ मध्ये येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पोटावर गदा येईल म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. पर्यटकाचा पाय पडला, तरी प्रवाळाची वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. मग राखण कोणापासून करायची? मुलांना विचारून पाहू.