मत्स्यालयातील गोगलगायी व गोगलगायखाऊ मासे

गोड्या पाण्यातील गोगलगायींचे मांस शंखातून ओढून खाणाऱ्या माशांना मत्स्यालयात जिवंत गोगलगायी देण्याची पद्धत. असे मासे प्रामुख्याने बोटिया गटातील लोच व गोड्या पाण्यातील पफर हे होत. ही नोंद परभणी जिल्ह्यापुरती असून तीत माशांपेक्षा गोगलगायींना अधिक जागा दिली आहे; पाळणाऱ्याचे बरेवाईट त्यांच्यावरच ठरते.

लोच : तोंड खाली वळलेले, ओठांभोवती मिशा, घशात दात आणि डोळ्याखाली मिटता येणारा दुभंगलेला काटा. हा काटा जाळीत अडकतो, म्हणून हे मासे जाळीने न उचलता भांड्याने उचलावेत. लहान शंख दातांनी फुटतात. मोठ्यांतील मांस शोषले जाते व शंख अखंड उरतो. दुकानांत सर्वाधिक आढळणारा क्लाऊन लोच सुमात्रा व बोर्निओ येथील असून तो ३० सेंमी.पर्यंत वाढतो, छोट्या टाकीसाठी तो योग्य नव्हे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची जात बोटिया स्ट्रायाटा, व्यापारातील झेब्रा लोच. सी. आर. नारायण राव यांनी शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतील नमुन्यांवरून १९२० साली तिचे वर्णन केले. कलावार व केळकर यांनी १९५६ मध्ये कोल्हापूरच्या माशांच्या यादीत ‘कोल्हापूरेन्सिस’ असा तिचा प्रकार नोंदवला. त्याला स्वतंत्र दर्जा देण्याची प्रथा आज नाही. पट्टेदार अंगाचा, जेमतेम ८ सेंमी.चा हा मासा पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेही नाही. आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘धोक्यात’ या वर्गात असून शोभिवंत माशांसाठी होणारी पकड हे त्याचे एक कारण मानले जाते. विकत घेताना मासा नदीतून धरलेला की पैदास केंद्रातला, हे विचारलेच पाहिजे.

सगळेच लोच गोगलगायखाऊ नसतात. वाळूत दडणारा लेपिडोसेफॅलिक्थिस मुख्यतः कीटकांच्या अळ्या व गाळातले कण खातो.

परभणीतील गोगलगायी : जिल्हा गोदावरी खोऱ्यात. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या, पूर्णेवरील येलदरी, सेलूजवळचा निम्न दुधना प्रकल्प आणि गावोगावचे पाझर तलाव. अशा पाण्यात इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस (चपटा, चकतीसारखा शंख), लिम्निया, बेलामिया व मेलानॉइडिस या जाती वाढतात. बेसॉल्ट खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते व त्यातील कॅल्शियममुळे शंख बळकट होतो. मेलानॉइडिस दिवसा वाळूत राहते. तिचा निमुळता शंख इतका कठीण असतो की पफरचे दात त्यावर तुटू शकतात.

पर्णकृमींचा प्रश्न : तलावातून धरलेली गोगलगाय थेट टाकीत सोडू नये. इंडोप्लॅनॉर्बिस ही शिस्टोसोमा नॅसेल या कृमीची मध्यस्थ पोशिंदी आहे. गायीबैलांच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या या कृमीमुळे जनावर घोरल्यासारखा आवाज काढते व नाकात गाठी येतात. त्याच गोगलगायीतून शिस्टोसोमा स्पिंडेलचे डिंभही पाण्यात सुटतात. ते माणसाच्या कातडीत शिरून तिथेच मरतात आणि खाज व पुरळ उठते. लिम्नियातून यकृतकृमी फॅसिओला पसरतो. माशांचे नुकसान वेगळ्या कृमींपासून होते : डिप्लोस्टोमम डोळ्याच्या भिंगात, तर क्लिनोस्टोमम मांसात पिवळ्या गाठींच्या रूपाने राहतो. त्यांचे प्रौढ रूप पक्ष्यांत असते, त्यामुळे टाकीत चक्र पूर्ण होत नाही. पण मासा आंधळा व्हायला एवढा शिरकाव पुरेसा आहे.

टाकीच्या काचेवर दिसणारी फेरिसिया ही टोपीसारखी इवलीशी गोगलगायही या संदर्भात नोंदण्याजोगी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात १९५२ साली गाडगीळ व शाह यांनी माणसांतील शिस्टोसोमा रोगाचे रुग्ण नोंदवले व पुढे त्याची पोशिंदी म्हणून फेरिसियाचे नाव घेतले गेले. त्या कृमीची नेमकी जात कोणती, यावर मतभेद राहिले.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जिल्ह्यातील गोगलगायींकडे जनावरांच्या रोगाच्या अंगाने पाहण्याची सवय त्यामुळेच रुजली असावी. मत्स्यपालकानेही ती लावून घेणे हिताचे.

निर्धोक पैदास : अंड्यांत हे कृमी नसतात. इंडोप्लॅनॉर्बिस व लिम्निया पाणवनस्पतींच्या पानांखाली जिलेटिनसारखे पारदर्शक पुंजके चिकटवतात. ते पानासकट उचलून शेणामुताचा संपर्क नसलेल्या पाण्यात ठेवावेत. आठवड्या-दहा दिवसांत पिल्ले निघतात. पालक व उकडलेला भोपळा त्यांना चालतो, शंखासाठी अंड्याच्या कवचाची पूड. मेलानॉइडिस व बेलामिया पिल्लेच देतात, त्यामुळे त्यांना हा उपाय लागू नाही.

खाऊ घालणे : लोच तिन्हीसांजेनंतर चरतात, म्हणून दिवे मालवण्यापूर्वी रात्रीत संपतील एवढ्याच गोगलगायी टाकाव्यात. मेलेली गोगलगाय झपाट्याने कुजून पाण्यात अमोनिया वाढवते, आणि परभणीच्या उन्हाळ्यात हे काही तासांत घडते. गोगलगायी मारण्यासाठी तांब्याची औषधे वापरू नयेत. लोचना तांबे बाधते. टाकीत गोगलगायी बेसुमार वाढल्या असतील तर उरणारे खाद्य हे मूळ कारण समजावे. लोच सोडणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

शेतातील शंखी गोगलगाय : २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनवर हिचा मोठा प्रादुर्भाव झाला. ही जमिनीवरील जात असून तिच्यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. ही गोगलगाय माशांना देऊ नये.

पफर : केरळातील कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस (वर्णन १९४१). आकार सुमारे ३ सेंमी.

पंगास : दुकानांत ‘शार्क’ म्हणून विकली जाणारी पिल्ले बहुधा थायलंड-व्हिएतनामकडील पंगासियानोडॉनची असतात. मृदुकाय प्राणी आवडीने खाणारा देशी पंगासियस पंगासियस, ज्याची नोंद गोदावरीतूनही आहे, तो निराळा.