धनुष्याची मूठ आणि धनुर्धराचा हात

रामायण-महाभारताच्या श्रवणाने ज्यांचे बालपण घडले, त्यांना धनुष्याची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. शिवधनुष्याचा भंग, गांडीवाचा टणत्कार, द्रौपदीस्वयंवरातील मत्स्यवेध या कथा आपण सर्वांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. परंतु त्या ऐकताना आपले लक्ष असते ते बाणाच्या टोकाकडे आणि लक्ष्याकडे. ज्या हाताने धनुष्य पेलले, तो हात ते कसे धरीत होता, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वास्तविक धनुर्विद्येचे पुष्कळसे मर्म त्या मुठीतच आहे. तिचा इतिहास थोडक्यात वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम आपल्या घरचे पाहू. अमरकोशात धनुष्याच्या टोकास कोटी अथवा अटनी आणि दोरीस मौर्वी, ज्या, शिंजिनी अशी नावे आहेत. धनुष्याच्या मध्यभागास, म्हणजे जेथे मूठ बसते त्या जागेस, 'लस्तक' असे स्वतंत्र नाव आहे. ज्या वस्तूच्या एकेका अवयवास निराळा शब्द आहे, ती वस्तू नित्याच्या हाताळणीतली असलीच पाहिजे. चार हात म्हणजे एक धनुष्य हे लांबीचे जुने मापही प्रसिद्ध आहे. ते सुमारे सहा फूट, म्हणजे पुरुषभर उंचीचे होते. आरियन या ग्रीक ग्रंथकाराने हिंदी पायदळाचे वर्णन करताना असेच सांगितले आहे. धनुष्य धनुर्धराइतके उंच असे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढीत, असे तो लिहितो. इ. स. पूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी पौरस राजाची अलेक्झांडरशी गाठ पडली, तेव्हा निसरड्या भूमीवर ही अवजड धनुष्ये नीट टेकता येईनात, असे कर्टियस या रोमन इतिहासकाराचे म्हणणे आहे. हाताला न पेलणारा भार जमिनीवर टाकला, आणि ऐन वेळी जमिनीनेच साथ सोडली!

वसिष्ठांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या धनुर्वेदात या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार आहे. दोरी ओढणाऱ्या हाताच्या पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी आणि काकतुंडी अशा पाच मुठी तेथे वर्णिल्या आहेत. धनुष्य धरणाऱ्या हाताच्या संदर्भात अधःसंधान, समसंधान आणि ऊर्ध्वसंधान असे तीन प्रकार दिले असून, दूरच्या माऱ्यास पहिला, स्थिर लक्ष्यास दुसरा आणि कठीण वस्तूच्या भेदास तिसरा योग्य मानला आहे. पण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते याच ग्रंथातील एक साधे सांगणे. धनुष्य आपल्या बाहुबलाहून किंचित कमी असावे. ज्याला धनुष्यच पीडा देते, त्याला लक्ष्य दिसत नाही. शूरपणाच्या कथांनी भारावलेल्या मनाला हे वचन थोडे नवल वाटण्यासारखे आहे. शिवधनुष्य उचलण्याची ईर्ष्या सर्वांना असते, परंतु शास्त्र सांगते की आधी आपला हात ओळखा.

हाच बोध सातासमुद्रापलीकडे इंग्लंडातही स्वतंत्रपणे झालेला दिसतो. तेथील लांब धनुष्याने १३४६ मध्ये क्रेसी आणि १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्ट येथे फ्रेंच सरदारांच्या चिलखती सैन्याची धूळधाण उडविली. तिसऱ्या एडवर्ड राजाने १३६३ मध्ये सणासुदीच्या दिवशी लोकांनी इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करावा, असे फर्मान काढले. या सरावाचे घरगुती चित्र ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ मध्ये बालराजा सहावा एडवर्ड याच्यापुढे केलेल्या प्रवचनात आढळते. त्याचे वडील साधे शेतकरी होते. त्यांनी मुलाच्या वयाला आणि शक्तीला साजेल असे धनुष्य त्याला घेऊन दिले. मूल वाढले तसे धनुष्यही वाढत गेले. केवळ दंडाच्या जोराने न ओढता सारे अंग धनुष्यात कसे घालावे, हेही त्यांनीच शिकविले. एका शेतकरी पित्याची ही दृष्टी आणि आपल्या धनुर्वेदाचे वचन यांत काय अंतर आहे?

त्या काळच्या इंग्रजी धनुष्याला मूठ म्हणून निराळा भाग नसे. 'मेरी रोझ' हे इंग्रजी युद्धनौकेचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ती १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये तिचा सांगाडा समुद्रतळावरून वर काढण्यात आला. तिच्यावर १७० हून अधिक धनुष्ये सापडली. ती सर्व 'यू' नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची आहेत. बाहेरच्या बाजूस ताण सोसणारे फिकट लाकूड आणि आतल्या बाजूस दाब सोसणारे गाभ्याचे लाकूड, अशी त्यांची घडण आहे. ती ओढण्यास १०० ते १८५ पौंड जोर लागत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. एवढ्या प्रचंड जोराच्या या धनुष्यांना मध्यभागी ना चामडे, ना खाच, ना बाण टेकविण्यास कंगोरा! गोल लाकूड हाच धरावयाचा भाग, आणि बाण टेकावयाचा तो धरणाऱ्याच्या बोटावर. मूठ लाकडाला नव्हती, ती माणसाच्या हाताला होती. म्हणूनच सराव सुटला तेव्हा ती मूठही गेली. १५९५ मध्ये इंग्लंडच्या राजमंडळाने नागरी पथकांत धनुष्याऐवजी बंदुका घेण्याचे ठरविले, आणि युद्धविद्या म्हणून तिचा अस्त झाला.

पुढे छंद म्हणून लांब धनुष्य पुन्हा हाती आले, तेव्हा नव्या हातांच्या सोयीसाठी मुठीवर चामड्याचे वेष्टण आले. आज मुख्यतः तीन घाट दिसतात. पहिला सरळ घाट जुन्या परंपरेस जवळचा आहे. जड पिशवीची मूठ धरावी तसे धनुष्य तळहाताच्या खालच्या उंचवट्यावर बसते व मनगट किंचित खाली राहते. दुसऱ्यात मध्यभागी उथळ खोलगटपणा असतो, त्यामुळे हाताला आपली जागा सापडते. तिसऱ्यात अंगठ्याच्या बेचक्यासाठी स्पष्ट खोबण असते. नवशिक्याचा हात तीत दर वेळी एकाच जागी बसतो, परंतु ती खोबण ज्या मापाच्या हातासाठी कोरली, त्यालाच ती मानवते.

यांतील कोणता निवडावा? आम्ही काही काळ हा छंद केला, तेव्हा प्रारंभी भारी धनुष्य घेतले आणि ते घट्ट आवळून धरले. आठ दिवसांत तळहाताला फोड आले आणि बाण एका बाजूस जाऊ लागले. एका वृद्ध जाणकाराने आमची बोटे सैल करविली व मुठीवर चामड्याचा एक पदर वाढविला, तेव्हा कोठे हात स्थिर झाला. मूठ फार बारीक असली तर बोटे तळहातात रुततात व धनुष्य हातात फिरते, आणि फार जाड असली तर अंगठा ताणला जातो. परीक्षा सोपी आहे. डोळे मिटून धनुष्य चार-पाच वेळा धरावे व सोडावे. प्रत्येक वेळी हात आपण होऊन त्याच जागी आला, तर ती मूठ आपली. मग दोरी ओढून सावकाश परत आणावी. बाण नसता ती कधीही सोडू नये, कारण तो धक्का धनुष्यालाच मोडतो. ओढताना मनगट वळत असेल, अथवा बाण सोडल्यावर दोरी कोपराखाली फटकारत असेल, तर दोष बहुधा धरण्यात असतो. दोरी आणि मूठ यांतील अंतर मोजण्याची जुनी इंग्रजी रीतही हाताचीच आहे. मूठ वळून अंगठा उभा करावा, तेवढे अंतर पुरे. म्हणजे ज्याचे धनुष्य, त्याचाच हात हे त्याचे माप.

आपल्या मुलामुलींच्या हाती आपण काही ना काही साधन देतच असतो. कोणास लेखणी, कोणास तराजू, कोणास यंत्र. ते देताना शेजाऱ्याच्या मुलाने कोणते पेलले हे आपण पाहतो, पण आपल्या मुलाचा हात केवढा आहे हे पाहावयाचे राहून जाते. लॅटिमरच्या वडिलांनी ते पाहिले, म्हणून मुलाला म्हातारपणीही त्याची आठवण राहिली. मूठ हाताप्रमाणे असावी, आणि हात वाढेल तशी तीही वाढवावी, एवढेच या जुन्या विद्येचे सांगणे आहे. आमच्या वाचक कुटुंबांनी त्याचा विचार करावा, ही नम्र विनंती.