चेपणाऱ्या बॉनेटची कुळकथा

पेणहून रोह्याला निघालं आणि वडखळ, नागोठणं मागे पडलं की दोन वाटा फुटतात. एक भिसे खिंडीतून थेट रोह्याला उतरते, दुसरी महामार्गानेच सुकेळी खिंडीतून कोलाडला जाते आणि तिथून आत वळते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटून गेलं तरी रखडलेलंच राहिलं. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओव्हरटेक करणारा शेवटच्या क्षणी स्टेअरिंग आत ओढतो, समोरचाही ओढतो, आणि गाड्या निम्म्या तोंडाने भिडतात. टक्कर-चाचणीत मुद्दाम घडवून आणतात ती हीच धडक. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर सोडायची आणि तिच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग त्यावर आदळू द्यायचा. अडथळ्याच्या तोंडाला चेपणारं ॲल्युमिनियमचं जाळं असतं. ते समोरच्या गाडीच्या जागी. चौसष्टचा वेग किरकोळ वाटत असेल, तर एवढ्याच वेगाने माणूस पाचव्या मजल्यावरून खाली आदळतो.

आपल्याकडे गाडीचा भक्कमपणा ठरायचा तो बॉनेटवर बुक्की मारून. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी ही एका अख्ख्या पिढीची घरची गाडी. पुढे सलग बाक आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढेच तिघं बसत. मागे मावतील तेवढी. ‘ठोकली तरी पत्र्याला काही होत नाही’ हे जुन्या गाड्यांचं कौतुक अजून ऐकू येतं. पण धडकेचा जोर कुठेतरी जिरावाच लागतो. पत्र्याने घेतला नाही तर तो आतल्यांच्या बरगड्यांना घ्यावा लागतो.

हे उलटं गणित मांडलं मर्सिडीझचे अभियंते बेला बॅरेनी यांनी. गाडीची पुढची-मागची टोकं चेपणारी हवीत आणि माणसं बसतात तो मधला भाग कडक, या कल्पनेच्या पेटंटसाठी त्यांनी १९५१ मध्ये अर्ज केला. १९५९ साली त्या तत्त्वावरची पहिली गाडी बाजारात आली आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला कंपनीने झिंडेलफिंगेनला आपली पहिली टक्कर-चाचणी घेतली. योगायोग असा की स्वीडनमध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा सीटबेल्टही १९५९ चाच. बोलिन आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवत. व्होल्वोने पेटंट घेतलं, पण ते सगळ्यांना वापरू दिलं. बॉनेट आणि पट्टा ही जुळी भावंडं समजावीत. बॉनेट चेपून धडक थोडी लांबवतं, आणि तेवढ्या वेळात माणसाला गाडीबरोबर थांबवतो तो पट्टा. पट्टा नसेल तर बॉनेट चेपलेलं फुकट.

ग्राहकाला कळेल अशी जाहीर चाचणी अमेरिकेत १९७९ मध्ये आली, युरोपात १९९७ मध्ये. आपल्या गाड्यांची पाळी आली जानेवारी २०१४ मध्ये. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या तपासल्या, पाचहींना शून्य तारे. त्यानंतरची डिकीवाल्या घरगुती गाड्यांची हकीकत पुणे जिल्ह्यात बनलेल्या गाड्यांतून दिसते. रांजणगावच्या टाटा झेस्टला २०१६ मध्ये एअरबॅगशिवाय शून्य आणि दोन एअरबॅगांसह मोठ्या माणसांसाठी चार तारे मिळाले, मुलांसाठी मात्र दोनच. चाकणच्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांनी २०२३ मध्ये, नियम कडक झाल्यावर, दोन्हीकडे पाच-पाच तारे मिळवले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची योजना लागू झाली. तिचं मानक, एआयएस १९७, पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रसिद्ध केलेलं आहे. आता शोरूममध्ये मायलेजनंतर का होईना, तारे विचारले जातात. ही बरीच मोठी मजल आहे.

मात्र चाचणीच्या गाडीत बसवलेल्या ज्या बाहुल्यांच्या जिवावर हे तारे मिळतात, त्या सगळ्यांना पट्टे बांधलेले असतात आणि लहान मुलांच्या बाहुल्या त्यांच्या वेगळ्या खुर्चीत अडकवलेल्या असतात. गणेशचतुर्थीच्या आधी पेणहून गणपतीची मूर्ती घेऊन निघालेल्या गाडीत असं बांधलेलं कुणी नसतं. मूर्ती एकाच्या मांडीवर, धाकटं दुसऱ्याच्या. ताशी ६४ च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल हातातून सुमारे १८० किलोंच्या जोराने ओढलं जातं. कुठल्याही आईबापाचे हात तेवढे पुरत नाहीत. मागच्यांनीही पट्टा बांधावा, हा नियम जुनाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालखुर्ची नसेल तर चालकाला हजार रुपये दंड आहे. यंदा मूर्ती आणायला जाल तेव्हा ती पाटावर नीट बांधा, आणि गाडी सुरू करण्याआधी मागच्या सीटखाली दडपलेले पट्टे उपसून काढा.